कडी बाहेरून

मास्तरांनी सोफ्यावर बसल्या बसल्या ब्रेक मारला. टीव्हीवरच्या मालिकेतली नायिका रागारागाने गाडी मागे घेत होती आणि तिने आरशात बघितलं नव्हतं. मास्तरांचा उजवा पाय आपोआप पुढे झेपावला, टीपॉयला लागला, टीपॉयवरचा कप आडवा झाला आणि सगळा चहा बायकोच्या नुकत्याच इस्त्री केलेल्या पांढऱ्या गणवेशावर सांडला.

"तिने आरशात बघितलं नाही," मास्तर म्हणाले.

"नटी आहे ती. दिवसभर आरशातच बघत असते बिचारी. एवढ्यापुरतं नसेल बघितलं," बायको म्हणाली आणि गणवेश उचलून बाथरूमकडे गेली. ती इस्पितळात परिचारिका होती. आजाऱ्यांशी कसं बोलायचं हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे ती ओरडली नाही. पण बाथरूमच्या दाराची कडी तिने जरा जोरात लावली.

मास्तर बावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. बावीस वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसले होते आणि त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा एक वेगळा ब्रेक होता. त्या ब्रेकने किती कुत्री, किती दुधाच्या गाड्या आणि किती संसार वाचवले याची मोजदाद नव्हती. पण आता पायाला घर आणि गाडी यातला फरक कळेनासा झाला होता. पलंगावरची चादर उजव्या पायाकडे फाटायची. कुठलाही जिना उतरताना समोरून कुणी आलं की मास्तर जागच्या जागी थांबायचे आणि त्याला हाताने जायची खूण करायचे.

चादरीपर्यंत ठीक होतं, पण आता जीभही ताब्यात राहीना. मागच्या आठवड्यात एका दंतवैद्याची गाडी चौकात तीनदा बंद पडली, तेव्हा मास्तर त्यांना म्हणाले, "डॉक्टर, लोकांचे दात तुम्ही असेच काढता का? अर्धा काढायचा आणि बंद पडायचं?" दंतवैद्य तिथेच गाडीतून उतरले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मास्तरांना बोलावून पंधरा दिवसांची सुट्टी दिली.

"शांत होऊन या," ते म्हणाले. "नाहीतर मग ऑफिसात बसून फॉर्म भरायचं काम आहेच."

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं. पहिल्यांदा गाडी स्वतःहून चौकापार नेणाऱ्या माणसाचा चेहरा शेजारच्या सीटवरून कसा दिसतो, हे फॉर्म भरणाऱ्याला कधीच कळत नाही.

उपाय मुलीने सुचवला. ती दुसऱ्या गावी शिकायला होती आणि रोज फोनवरून आईवडिलांना वाढवत होती.

"बाबा, तू घरात स्वतःची एक ध्यानाची जागा कर," ती म्हणाली. "फक्त तुझी. एक छोटीशी वेदी मांड. खाली स्वच्छ कापड, एक दिवा, निसर्गातली एक वस्तू आणि ज्याबद्दल तुला मनापासून कृतज्ञ वाटतं अशी एक वस्तू. तिथे रोज अर्धा तास बसायचं. फोन बाहेर ठेवायचा. आणि हो, एक वही ठेव. रोज तीन गोष्टी लिहायच्या, आज कुणाचे आभार मानावेसे वाटले ते."

"आणि नाही वाटले तर?"

"बाबा."

"बरं, बरं."

"आणि बसलास की काहीही ऐकू आलं तरी उठायचं नाही. आवाज आला, की 'हा एक आवाज आहे' एवढंच म्हणायचं आणि सोडून द्यायचा."

जागा शोधता शोधता मास्तरांच्या लक्षात आलं, की तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात आपली अशी जागाच नाही. हॉलमध्ये टीव्ही होता. झोपायच्या खोलीत बायको पाळीप्रमाणे कधीही झोपलेली असायची. गॅलरीतून रस्ता दिसायचा, म्हणजे तिथे ध्यान कसलं, दर मिनिटाला ब्रेक. उरली ती पॅसेजच्या टोकाची अडगळीची खोली. चार फूट रुंद, सहा फूट लांब, वर बाथरूमच्या बाजूला उघडणारा एक झरोका. आत दोन मोठ्या सुटकेसेस, गुंडाळलेली गादी, मान मोडलेला टेबलफॅन, मुलीच्या पाळण्याचे सुटे केलेले भाग, रंगाचे अर्धवट डबे आणि वायरींनी भरलेलं एक खोकं होतं. त्या वायरी कशाच्या, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं आणि म्हणूनच त्या टाकायची कुणाची हिंमत होत नव्हती.

मास्तरांनी एका सकाळी हे सगळं पॅसेजमध्ये आणि हॉलमध्ये आणून ठेवलं. पांढरं कापड कुठल्या सुटकेसमध्ये आहे ते आठवेना, म्हणून दोन्ही उघडल्या आणि उपसल्या. कापड दुसऱ्या सुटकेसच्या तळाशी निघालं, तोवर लोकरीचे कपडे सोफ्यावर, जुने फोटो जमिनीवर आणि बायकोच्या साड्या टेबलफॅनच्या मानेवर गेल्या होत्या.

"हे काय आहे?" सकाळची पाळी नसल्याने घरी असलेली बायको झोपेतून उठून म्हणाली.

"तात्पुरतं आहे."

"आपलं लग्न झालं तेव्हा हा सोफाही तात्पुरताच होता," ती म्हणाली. "मला दोनची पाळी आहे. मी आंघोळीला जाते. येईपर्यंत निदान चालायला वाट करा."

मास्तरांनी वाट करायला घेतली, पण वेदी पूर्ण व्हायच्या बेतात होती आणि मन तिकडे ओढत होतं. त्यांनी खोलीत एक बुटकं स्टूल ठेवलं. त्यावर पांढरं कापड. कापडावर बॅटरीवर चालणारा छोटा दिवा, कारण बंद खोलीत मेणबत्ती लावू नका अशी बायकोने आदल्याच दिवशी तंबी दिली होती. निसर्गातली वस्तू म्हणून एक गोल खडा, जो त्यांनी एकदा टायरच्या खाचेतून काढला होता. आणि कृतज्ञतेची वस्तू म्हणून, बराच विचार करून, त्यांच्या बाजूच्या ब्रेकच्या पेडलवरचं जुनं रबर. झिजून झिजून ते गुळगुळीत झालं होतं. कापडावर ते ठेवलं तेव्हा मास्तरांना खरोखरच भरून आलं.

बायको आंघोळ करत होती. मास्तरांनी फोन हॉलमध्ये ठेवला, चपला व्यवस्थित उचलून आत नेल्या, पाण्याची बाटली आणि वही घेतली, दार लोटून घेतलं आणि उशीवर मांडी घातली. घड्याळात एक वाजला होता. त्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने बाथरूमचं दार उघडल्याचा आवाज आला. हा एक आवाज आहे, मास्तर मनात म्हणाले आणि त्यांनी तो सोडून दिला.

मग पॅसेजमधून येताना बायकोचा पाय रंगाच्या डब्याला लागला. हाही एक आवाज होता. त्यानंतर बायको काही बोलली, ते दोन-तीन आवाज होते. मग तिची पावलं अडगळीच्या खोलीपाशी आली. "इतकं सगळं बाहेर काढलं आणि दार तसंच उघडं टाकून गेले फिरायला," असं काहीसं ऐकू आलं, आणि दाराची कडी लागली.

हा एक आवाज आहे, मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. कालपर्यंत अशा आवाजावर ते ताडकन उठले असते. आज मन ढिम्म हललं नाही. ते पुढचे आवाजही तितक्याच अलिप्तपणे ऐकत गेले: कंगवा, पर्स, सँडल, मुख्य दार. मुख्य दाराच्या कुलुपात किल्ली दोनदा फिरली, तेव्हा मात्र त्यांनी एक डोळा उघडला.

मग दुसरा उघडला.

त्यांनी उठून दार ढकललं. दार जागचं हललं नाही. ही कडी त्यांनीच लावून घेतली होती, मुलगी लहान असताना, तिने आत जाऊन काही अंगावर पाडून घेऊ नये म्हणून. चांगली जाडजूड होती. काम पक्कं झालं पाहिजे, असं त्यांनी तेव्हा सुताराला बजावलं होतं.

मास्तरांनी हाका मारल्या. मग धक्के मारले. मग आपण बायकोला इतकी वर्षं कसं सहन केलं याचा विचार केला, आणि त्यावरून तिने आपल्याला कसं सहन केलं असेल हा विचार आला, तो जास्त वेळ टिकला. बायको रात्री दहाला परत येणार होती. फोन हॉलमध्ये होता. त्यांनी झरोक्याकडे बघून जोरात हाक मारली, पण ती बाथरूममध्ये घुमून परत आली.

उरली शेजारची भिंत. भिंतीपलीकडे गणिताच्या बाई राहत होत्या.

बाई शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि एकट्या राहत होत्या. तीन वर्षांपूर्वी त्या मास्तरांकडेच गाडी शिकायला आल्या होत्या. आठव्या दिवशी एका वळणावर गाडी फुटपाथवर चढली, आणि मास्तर मागे बसलेल्या दोन शिकाऊंसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही फळ्यावरच वर्तुळं काढा. तिथे फक्त खडू मोडतो." बाईंनी गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला, सीटबेल्ट काढून जागच्या जागी लावला आणि त्या चालत घरी गेल्या. त्यानंतर त्या मास्तरांशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

त्यामुळे मास्तरांना भिंत वाजवायला दहा मिनिटं लागली. शेवटी त्यांनी टायरमधला खडा उचलला आणि तीन ठोके मारले.

काही झालं नाही. पुन्हा तीन मारले. पलीकडून तीन ठोके आले, चांगले खणखणीत.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चार मारले. पलीकडून चार आले. भिंतीला तोंड लावून ते मऊ आवाजात म्हणाले, "कुणी आहे का? जरा मदत हवी होती." पलीकडे शांतता झाली. म्हणजे निरोप पोचला. मास्तर उशीवर टेकले, पाणी प्याले, आणि आता मदत येईपर्यंत करायचं काय म्हणून त्यांनी वही उघडली.

गेल्या चार दिवसांत वहीत एवढंच होतं: 'एक, चहा. दोन,' आणि पुढे कोरं. चारही दिवस तेच. मास्तरांनी पेन्सिल उचलली.

पलीकडे काय झालं, ते मास्तरांना नंतर कळलं. बाई दुपारी दीड ते तीन झोपायच्या. पहिल्या ठोक्यांनी त्यांची झोप मोडली. मास्तर भिंतीत खिळे ठोकताहेत असं समजून त्यांनी पोळपाट-लाटण्यातलं लाटणं आणलं आणि तितकेच ठोके परत केले, एक जास्त नाही, एक कमी नाही. पण मग भिंतीतून पुरुषाचा आवाज आला आणि तो आर्जवी होता. बाई गोंधळल्या. त्यांनी चपला घातल्या, बाहेरून वळसा घेतला आणि मास्तरांच्या हॉलच्या खिडकीतून, पडद्याच्या फटीतून आत बघितलं.

उघड्या सुटकेसेस. उपसलेले कपडे. जमिनीवर फोटो. दाराला बाहेरून कुलूप.

बाईंनी पोलीस ठाण्यात फोन केला. तो संवाद पुढे ठाण्यात बरेच दिवस सांगितला जात होता.

"माहिती देते, नीट लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "पहिलं, घराला बाहेरून कुलूप आहे. म्हणजे मालक घरात नाहीत. दुसरं, घरातलं सामान उपसलेलं आहे. म्हणजे चोर येऊन गेला किंवा आत आहे. तिसरं, आतून आवाज येतोय. म्हणजे येऊन गेला नाही, आत आहे."

"बाई, मालकच आत असतील तर?"

"तोही विचार मी केलाय. आतला माणूस 'जरा मदत हवी होती' असं म्हणाला. मालकांना मी ओळखते. ते असं बोलत नाहीत."

नंतर त्यांनी इस्पितळात फोन लावून मास्तरांच्या बायकोला बोलावून घेतलं. बायको वॉर्ड दुसरीकडे सोपवून गणवेशातच धावत आली. फाटकापाशीच पोलिसांची गाडी थांबली होती, आणि एक तरुण हवालदार बाई उतरत होती. तिघी मिळून आत शिरल्या.

मास्तरांना आधी कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग पावलं. ते उठून उभे राहिले, कपडे सारखे केले.

"आत कोण आहे?" दारावर काठी आपटून हवालदार बाईने विचारलं.

"मी आहे," मास्तर म्हणाले.

"मी म्हणजे कोण?"

"या घराचा मालक. घाई करू नका, सावकाश उघडा. मी काही कुठे जात नाही."

बाहेर कुजबुज झाली.

"तुमच्या मिस्टरांचा आवाज आहे का?" हवालदार बाईने विचारलं.

"आवाज त्यांच्यासारखाच वाटतोय," बायकोचा आवाज आला. ती चाचरत होती. "पण ते असते तर एव्हाना दार तोडून बाहेर आले असते. आणि सावकाश हा शब्द त्यांनी घरात कधी वापरलेला मी तरी ऐकला नाही."

"मी म्हटलं नव्हतं?" हा गणिताच्या बाईंचा आवाज.

"अगं, मीच आहे," मास्तर म्हणाले. "तूच कडी लावून गेलीस. मी ध्यानाला बसलो होतो."

"आमचा विश्वास बसेल असं काहीतरी सांगा," हवालदार बाई म्हणाली. मग तिने बायकोला हळूच विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"गाडी शिकवतात. बाजारापलीकडच्या त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये."

हवालदार बाईने काठी खाली घेतली. मग तिने दाराला तोंड लावून विचारलं, "चढावर गाडी बंद पडली. मागे ट्रक हॉर्न वाजवतोय. आधी काय करायचं?"

"हँडब्रेक," आतून लगेच उत्तर आलं. "मग एक श्वास. मग क्लच. ट्रकवाल्याला घाई आहे, आपल्याला नाही. त्याचा हॉर्न त्याच्यापाशी राहू दे."

कडी सरकली. दार उघडलं, तेव्हा हवालदार बाईने काठी काखेत घेतली होती आणि ती सावधान उभी होती.

"सर, मी नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्याच्या तुकडीतली," ती म्हणाली. "तुम्ही मला त्या चढावर सतरा वेळा गाडी उचलायला लावली होती. पोलिसात भरती झाले ती त्या लायसनवर. आजही चढावर हेच मनात म्हणते."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. आत दिवा मिणमिणत होता, स्टुलावर ब्रेकचं रबर होतं, अंगात घामाने भिजलेला शर्ट होता, आणि अडगळीच्या खोलीच्या दारात तीन बायका उभ्या होत्या. त्यांना ओरडायला काहीच हरकत नव्हती. कारणं भरपूर होती आणि सगळी समोर रांगेत उभी होती. पण त्यांनी शोधून बघितलं, तर राग कुठे सापडेना.

"सतरा नाही, अठरा," ते म्हणाले. "शेवटची मी मोजली नव्हती, कारण ती छान उचलली होतीस."

बायको एव्हाना त्यांची नाडी धरून घड्याळ बघत होती. "अडीच तास," ती म्हणाली. "अडीच तास मी तुम्हाला कोंडून ठेवलं. तुम्ही आवाज तरी द्यायचा, मी घरात होते तेव्हा."

"मी ऐकत होतो ना. उठायचं नाही असं लेकीने सांगितलं होतं."

"नाडी किती आहे?" हवालदार बाईने विचारलं.

"बहात्तर," बायको म्हणाली, आणि पुन्हा मोजायला लागली, कारण तिचा विश्वास बसेना.

पोलिसांना जबाब लागतो. हवालदार बाईने आजूबाजूला बघितलं, उशीवरची वही उचलली आणि पुरावा म्हणून चाळायला लागली. चाळता चाळता तिचा वेग कमी झाला. "सर, हे मोठ्याने वाचू का?" तिने विचारलं. मास्तर नको म्हणणार होते, पण बायको आधीच "वाच" म्हणाली होती.

"चहा," हवालदार बाईने वाचलं. "चहा, चहा, चहा. हे चार दिवसांचं आहे. आता आजचं. एक, बायको. चोवीस वर्षं मी दारं, खिडक्या, कपाटं, डबे उघडे टाकतो आणि ती मागून येऊन लावते. आज मी त्यातल्या एका दाराच्या आत होतो, हा तिचा दोष नाही."

बायकोने त्यांचा हात सोडून तोंड फिरवलं.

"दोन, सुतार. पंधरा वर्षं झाली, कडी अजून हलत नाही. तीन, दंतवैद्य. ते उतरून गेले, उलट बोलले नाहीत. चार, ज्या सगळ्यांनी माझ्या शेजारी बसून स्टिअरिंग धरलं ते. अनोळखी माणसाच्या भरवशावर रस्त्यावर यायला धीर लागतो. तो त्यांचा होता. मला वाटत आलं माझा आहे. पाच, माझ्या गादीवरची फाटकी चादर, कारण तिला तीन ठिगळं आहेत आणि ती मी लावलेली नाहीत..."

यादी बावीसपर्यंत गेली होती. मुलगी सात ठिकाणी होती. विसाव्या क्रमांकावर हवालदार बाई जरा अडखळली आणि तिने शेजारी उभ्या असलेल्या गणिताच्या बाईंकडे बघितलं.

"वीस, गणिताच्या बाई," तिने वाचलं. "मी तीन ठोके मारले, त्यांनी तीन मारले. चार मारले, त्यांनी चार मारले. माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलेल्या बाईने मला एकटं वाटू नये म्हणून एवढं केलं. मी त्यांना त्या दिवशी जे बोललो त्याची मला तीन वर्षं लाज वाटते आहे. बाहेर पडलो की आधी हे सांगायचं."

बाई टेबलफॅनच्या मानेवरच्या साडीची घडी घालायला लागल्या.

"तुमचा हिशेब चुकलाय," त्या म्हणाल्या. "ते ठोके धीर द्यायला नव्हते. माझी झोप मोडली म्हणून होते. लाटण्याने मारले मी."

"लाटण्याने मारलेत, तरी मला धीर आलाच," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही फोन केला नसता तर मी दहा वाजेपर्यंत आत असतो. बाई, मी चुकलो होतो. वळण अवघड होतं, ते मी आधी सांगायला हवं होतं."

बाईंनी साडीची घडी पूर्ण केली, दुसरी उचलली. "वळण अवघड नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी आरशात बघितलं नव्हतं."

हवालदार बाईने जबाबाच्या कागदावर 'गैरसमज' असं लिहिलं, चौघांनी मिळून सामान उचलून पॅसेजला वाट केली, आणि मग सगळ्यांसाठी चहा झाला. बायको तिथूनच परत वॉर्डात गेली. जाताना तिने मुख्य दार ओढून घ्यायच्या आधी आत येऊन मास्तर कुठे आहेत ते दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि त्याने अडगळीच्या खोलीला आतूनही एक कडी बसवली. बाहेरची काढून टाकू का, असं त्याने विचारलं. मास्तर राहू दे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उशी घेऊन पॅसेजच्या टोकाला गेले, तर दार आतून बंद. त्यांनी हळूच टकटक केली.

"बाहेर थांबा," आतून बायको म्हणाली. "माझं चालू आहे."

"अगं, पण ती जागा..."

"दहा मिनिटं. चोवीस वर्षांत मला कुणी न बोलवता मी दहा मिनिटं कुठे बसलेली नाही."

मास्तर गुंडाळलेल्या गादीवर बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आतून संथ, लयीत घोरण्याचा आवाज यायला लागला. मास्तरांनी ऐकलं आणि तो आवाज सोडून द्यावासा त्यांना वाटला नाही. हॉलमध्ये तिचा फोन वाजला, तो त्यांनी धावत जाऊन बंद केला.

इतक्यात मुख्य दाराशी गणिताच्या बाई आल्या. त्यांच्या हातात एक जाड उशी होती.

"ती तुमची वेदी," त्या म्हणाल्या, "परवा नीट बघायची राहिली. म्हटलं बसून बघावं."

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवून बंद दाराकडे दाखवलं. बाईंनी घोरणं ऐकलं आणि मान डोलावली. त्या आल्या पावली परत जाणार, असं मास्तरांना वाटलं, पण त्या सुटकेसवर उशी ठेवून शेजारी बसल्या.

"सुट्टी कधी संपते?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"सोमवारी. काल मालकांना भेटून आलो. त्यांनी फॉर्मचं टेबल दाखवलं नाही. पण पहिले आठ दिवस एकच शिकाऊ देणार म्हणाले, तोही त्याची तयारी असेल तर. अजून कुणी तयार झालेलं नाही."

बाई समोरच्या रंगाच्या डब्यांकडे बघत विचार करत राहिल्या. गणित सोडवताना दिसत असेल तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"सोमवारी सकाळी सातला मी इथे येईन," त्या म्हणाल्या. "अर्धा तास बसेन. साडेसातला आपण गाडी काढू. साडेआठपर्यंत मी चालवीन."

"बाई, मी तुमचे आभार कसे..."

"वहीत लिहा," बाई म्हणाल्या. "आणि तुमची बसायची वेळ साडेआठनंतरची ठेवा. मी चालवून झाल्यावर तुम्हाला जास्त गरज लागेल."